सालमीनच्या मधातली खोट

पाण्याच्या ताटलीत खडे घालून ठेवावेत, म्हणजे मधमाश्या पाणी पिताना बुडत नाहीत.

जेद्दाहून फोन आला की आधी खरखर ऐकू येते, मग माणूस.

पोत्यात अडकलेले मांजराचे पिल्लू रडते, तसे एकदा या घरात एक मूल रडत होते. आवाज होता, जोर नव्हता.

उजव्या हाताची तर्जनी. नख नीट कापलेले, कडेला मेंदीचा जुना रंग.

मधवाल्याच्या उंबऱ्यावर उभे राहून 'खोट' हा शब्द उच्चारू नये. शिवी चालते.

*

मित्रांनो, मी एक जुनी मधाची बरणी आहे. एकदा फुटले आणि मला पुन्हा जोडले गेले. जोडलेल्या भांड्याला सगळे आठवते, पण तुकड्यातुकड्याने आठवते, म्हणून सुरुवात अशी झाली. आता तुकडे जमतील तसे लावून सांगते. माझी माती भाजलेली आहे, तिला पाझर फुटत नाही. तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका. जे झाले ते सांगते.

काठ

माझा जन्म तरीम शहरातला. कुंभाराने मला चाकावर ओढले, सावलीत वाळवले, भट्टीत भाजले आणि अंग गरम असतानाच आतून तिळाचे तेल पाजले. तेल प्यालेली माती मध पीत नाही. त्याने मला दोन कान बसवले, त्यातला एक वाकडा बसला. "राहू दे," तो स्वतःशीच म्हणाला, "गर्दीत ओळखायला बरी."

मला ओळखले बरकाने. ती तेव्हा नवरी होती. ट्रकच्या पाठीमागे गाद्यागिरद्यांत बसून ती दोआनच्या खोऱ्यात सासरी निघाली, तेव्हा मी तिच्या मांडीवर होते. रस्ता इतका खडबडीत की कपाट मोडले, आरसा तडकला. मी धड पोहोचले. "ही टिकणारी आहे," तिची सासू म्हणाली. ते माझे पहिले कौतुक.

बरकाचा नवरा सालमीन मधमाश्या पाळत असे. अजून पाळतो. खोऱ्यात बोरी फुलायला लागल्या की तो माश्या राहतात त्या मातीच्या नळ्या ट्रकवर रचतो आणि बोरींच्या रांगेखाली नेऊन मांडतो. हिवाळ्यात पोळी कापतो. तो मध इतका दाट असतो की चमचा उलटा धरला तरी खाली यायला विचार करतो. बाकीचा मध पत्र्याच्या गोल डब्यांतून लांबलांब जाई, पण हंगामातले पहिले पोळे माझ्यात येई. ते विकायचे नसे. ते घरच्यांचे, पाहुण्यांचे, आजाऱ्याचे आणि बाळंतिणीचे.

आणि बाळाचे. या घराची तशी रीत होती. मूल जन्मले की घरातल्या सर्वांत मोठ्या बाईने माझ्यात तर्जनी बुडवायची आणि बाळाच्या जिभेला, टाळ्याला लावायची. खोऱ्यातल्या बहुतेक घरांत हे चावलेल्या खजुराने करतात. पण मधवाल्याच्या घरी खजूर कशाला? बरका म्हणे, "जगात आल्यावर पहिली चव आपल्या बोरीची. मग पोरगं कुठंही गेलं तरी परत येतं."

पोरगी आणि पोरे जेद्दाला गेली, आणि परत येत नव्हती. पण रीत तशीच राहिली.

पोट

मुझना ही सालमीनच्या मुलाची, करामाची बायको. करामा जेद्दाच्या बाजारात बापाचा मध विकतो आणि वर्षातून एकदा येतो. मुझना इथेच असते, शेळ्या बघते, गवताची उंच टोपी घालून त्यांना खोऱ्यात चारायला नेते, आणि संध्याकाळी सासूसोबत गच्चीवर भाकरी करते.

तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा बरका तिला रोज सकाळी वाडगाभर कुस्करा द्यायची. गरम भाकरी, तूप, माझ्यातला मध. मुझना चाटूनपुसून खायची. मुलगा झाला. बरकाने तर्जनी बुडवली, रीत केली. पुढेही रोज सकाळी बाळाला बोटभर मध मिळे. बाळ मिटक्या मारी. बरका हसे. "बघ, बघ, कसा ओळखतोय आजोबाचा माल!"

त्या साली पूर आला होता आणि घाटाचा रस्ता वाहून गेला होता. बाळ चौथ्या महिन्यात होते, तेव्हा त्याला शौचाला होईना. बरका म्हणाली, "पोट बांधलं गेलंय. मध सैल करतो." तिने बोट दोनदा बुडवायला सुरुवात केली. मग बाळाच्या पापण्या जड झाल्या. मान धरेना. दूध ओढता येईना. मग ते रडणे, जे मी वर सांगितले आहे. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मुकल्लाच्या इस्पितळाकडे नेताना गाडीला पाच खेडी वळसा पडला. मूल वाटेत गेले.

त्यानंतर या घरात त्याचे नाव कोणी घेतले नाही. मी भरलेलीच राहिले.

काही वर्षांनी मुझनाला पुन्हा दिवस गेले. एव्हाना खाली गावात एक छोटे आरोग्य केंद्र उघडले होते आणि घाटरस्ता दुरुस्त झाला होता. आणि जेद्दाहून शैखाचा फोन आला. शैखा ही बरकाची मोठी मुलगी, म्हणजे मुझनाची नणंद. तिला गुपित सांगायचे असले तरी ती ओरडून सांगते. त्यामुळे कोठीत कोनाड्यावर बसून मलाही सगळे ऐकू आले.

"मुझना, ऐक. मध खायचा नाही! एक थेंब नाही!"

"का गं?"

"इथं दवाखान्यात भिंतीवर चित्र लावलंय. मधाची बाटली, शेजारी बाळ, आणि वर ही एवढी लाल फुली. नर्सला विचारलं तर म्हणाली, बाळाला विषासारखं होतं त्यानं."

"पोटातल्या बाळाला?"

"बाळ ते बाळ! पोटातलं काय नि पाळण्यातलं काय!"

मुझनाने फोन ठेवला. ती कोठीतच, धान्याच्या पोत्यावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती पहिल्या वेळच्या सकाळी मोजत होती. वाडगाभर, रोज, चाटूनपुसून. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे मीच."

मित्रांनो, माणूस स्वतःला दोषी ठरवायला फार वेळ लावत नाही. साक्षीपुरावा लागत नाही, नुसती एक फुली पुरते.

दुसऱ्या दिवशी तिने वाडगा परत केला.

"का? वास येतो?" बरकाने विचारले.

"नको वाटतं, अम्मा."

"नको वाटतं! मासेवाल्याची मांजर माशाला नाक मुरडायला लागली! लोक काय म्हणतील? सालमीनची सूनच सालमीनचा मध खात नाही. उद्या गिऱ्हाईक विचारेल मला."

टोमणे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी शैखाने आईलाही फोन करून तेच ओरडून सांगितले. बरकाने फोन ठेवला. मग तिने माझ्या तोंडावर फडके घातले, दोरीने तीन वेढे दिले आणि स्टुलावर चढून मला सर्वांत वरच्या कोनाड्यात सारले. गुडघे दुखत होते तरी स्वतः चढली.

"बाळंतपण होईपर्यंत या घरात कुणी तिच्यासमोर बरणी सोडायची नाही," तिने सालमीनला बजावले. "तूसुद्धा. दाढीला मध लावून तिच्या पुढ्यात येऊ नकोस."

"मी काय करू, माश्यांनाच लांब हाकलू का?" सालमीन म्हणाला.

"आणि बाळ बाहेर आलं की सोडीन. मग काय भीती? त्याची रीत त्याला झालीच पाहिजे."

असा बंदोबस्त झाला. सगळे महिने आईच्या तोंडावर पहारा, आणि बाळाच्या तोंडासाठी मी वर कोनाड्यात सज्ज. पहारेकऱ्याच्या मनात काडीचे कपट नव्हते. पहारा तेवढा चुकीच्या तोंडावर होता. मी धूळ खात पडले. एक कोळी फडक्यापासून भिंतीपर्यंत जाळे विणून गेला. दुर्लक्ष म्हणतात ते हेच असावे. मला त्याचे विशेष काही वाटले नाही.

कान

आरोग्य केंद्रात डॉक्टर अफ्राह ही एकटीच डॉक्टर होती. मुझना तपासायला गेली, तेव्हा मी तिथे नव्हते. परतल्यावर तिने कोठीत येऊन दार लोटले आणि करामाला फोन लावला. पुढचे मी माझ्या वाकड्या कानाने ऐकलेले आहे.

"ती म्हणाली, मध तू खाऊ शकतेस. रक्तातली साखर बघितली, ठीक आहे. बेताने खा म्हणाली. मोठ्या माणसाच्या पोटात ते बी रुजत नाही, तसंच बाहेर पडतं. माझ्यातून बाळापर्यंत जात नाही."

"कसलं बी?"

"मातीतलं. डोळ्याला न दिसणारं. मधात कधी असतं, कधी नसतं."

"मग शैखाचं ते चित्र?"

"ते जन्मलेल्या बाळाचं आहे, करामा. वर्षाच्या आतल्या. त्याचं आतडं कच्चं असतं. तिथं ते बी रुजतं आणि विष सोडतं. मग आधी शौच बंद, मग पापण्या, मग मान, मग..."

खरखर.

"मी तिला सगळं सांगितलं आपल्या त्याचं. ती लिहिता लिहिता थांबली."

"काय म्हणाली?"

"आता नक्की सांगता येणार नाही म्हणाली. तेव्हा कुणी तपासलं नाही. पण खुणा त्याच आहेत."



"म्हणजे तू नव्हतीस," करामा म्हणाला.

"मी नव्हते."

"मग..."

"पुढं बोलू नकोस," मुझना घाईने म्हणाली. "ती वर गच्चीवर कणीक मळतेय. तिला कधी कळता कामा नये. तिचं काळीज फुटेल."

"आणि हे बाळ? ती रीत करायला येईल तेव्हा?"

"तेच मला कळत नाही," मुझना म्हणाली. फोन ठेवून ती पोटावर हात धरून उभी राहिली. आत कोणीतरी लाथ मारत होते.

तिच्यापुढचा पेच मला बरणी असूनही कळला. बोट थांबवायचे, आणि त्या बोटाने काय केले असावे, हे बोटवालीला कळू द्यायचे नाही.

दुसऱ्या सकाळी ती स्टुलावर चढली, मला खाली काढले, जाळे पुसले, वेढे सोडले आणि भाकरीवर मध ओतून घेतला. बरका दारातच किंचाळली.

"अगं बये! पोटातल्याच्या जिवावर उठलीस?"

"डॉक्टरनं खायला सांगितलंय, अम्मा. आईला चालतो."

"खरं?"

"अल्लाची शपथ."

बरका धपकन बसली. मग तिचा चेहरा इतका उजळला की बघवेना. "मी शैखाला म्हटलंच होतं, मधानं कधी कुणाचं वाईट झालंय का? खा, पोरी, खा. अजून घे. आणि बाळ आलं की बघच, यंदाचं पहिलं पोळं मी त्याच्या जिभेसाठी..."

"बाळाला नको, अम्मा."

"काय?"

"बाळाला नको. वर्षभर तरी नको."

"का?"

मुझनाने सासूच्या हाताकडे पाहिले. तर्जनीला कणीक लागलेली होती. खरे बोलायला तिने तोंड उघडले, आणि तोंडातून भलतेच बाहेर पडले.

"आपल्या मधात खोट आहे म्हणून."

त्याच वेळी कोठीच्या दारात सालमीन उभा होता. त्याच्या हातात माश्यांना द्यायच्या धुराचे भांडे होते. धूर निघत होता, आणि तो भांड्यातलाच होता असे मी खात्रीने सांगू शकत नाही.

"कुणाच्या मधात?" त्याने विचारले.

मुझनाने हातातली भाकरी खाली ठेवली.

"आईला चालते आणि पोराला चालत नाही, अशी कसली गं ही खोट?"

"थोडीशी असते, बाबा. मोठ्यांना बाधत नाही."

"थोडीशी!" सालमीनचा आवाज चढला. "साखरपाणी पाजून मध काढणारे वेगळे, ते पलीकडच्या गावात राहतात! माझ्या माश्यांनी साखर कशी दिसते ते पाहिलेलं नाही. माझ्या बापाच्या माश्यांनी पाहिलेलं नाही. कोण म्हणालं? ती डॉक्टरीण? ठीक आहे."

त्याने मला काखोटीला मारले आणि तो निघाला. झाकण घ्यायलाही थांबला नाही. वाटेत दोन माश्या माझ्यासोबत आल्या.

*

आरोग्य केंद्रातल्या बाकावर बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्याला बरणीसकट आत घुसताना पाहून त्यांनी चेहऱ्यावरचे पदर सावरले. सालमीनने मला डॉक्टर अफ्राहच्या टेबलावर ठेवले.

"तपास."

"काय तपासू, काका?"

"खोट."

तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. औषधाचा एक नवा चमचा काढला, बुडवला, तोंडात घातला. डोळे मिटले.

"असा मध मी लहानपणी खाल्ला होता," ती म्हणाली. "यात खोट नाही."

"मग माझ्या सुनेला काय सांगितलंस?"

"तिला मी खोट म्हटलंच नाही. बसा."

तो बसला नाही. ती सांगत गेली. बी मातीत असते, धुळीत असते, वाऱ्याने फुलावर बसते. माशी बिचारी कुठून ओळखणार? मध कितीही निर्भेळ असला तरी त्यात असू शकते. बघून कळत नाही, चाखून कळत नाही.

"उकळला तर?"

"घरी कितीही उकळा. ते मरत नाही."

"अल्लानं म्हटलंय, त्यात लोकांसाठी शिफा आहे, आजारावर उतारा आहे."

"म्हटलंय. आणि रोजाही सगळ्यांवर बंधनकारक केलाय. तुम्ही पाळण्यातल्या पोराला रोजा ठेवायला लावता?"

बाकावरची एक बाई पदरात हसली. सालमीन बसला.

"मोठ्यांना शिफा, काका. गरोदर बाईला चालतो, बाळंतिणीला चालतो, दूध पाजणाऱ्या आईलाही चालतो, दुधातून तो त्रास उतरत नाही. फक्त बाळाच्या तोंडात नको. बोटाला लावून नाही, दुधात कालवून नाही, खिरीत शिजवून नाही. पहिला वाढदिवस झाला की मग द्या."

"आमच्या घरात सगळ्या पोरांना दिलाय."

"बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणूनच तर कुणाला कळत नाही. पण कुणाला होईल, ते आधी सांगता येत नाही."

सालमीन माझ्या काठावर बसलेल्या माशीकडे पाहत होता. तिच्याकडे बघतच म्हणाला, "आमचा पहिला नातू..."

"मी त्याला पाहिलं नव्हतं," डॉक्टर अफ्राह हळू आवाजात म्हणाली. "शपथेवर काही सांगणार नाही. आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांचा दोष कसला?"

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "मग सून मधात खोट का म्हणाली?"

डॉक्टरला उत्तर माहीत नव्हते. सालमीनला ट्रकमध्ये बसल्यावर सापडले. त्याने मला दोन पायांच्या मध्ये धरले होते आणि चावी फिरवली नव्हती. त्याने आपली तर्जनी वर केली, तिच्याकडे पाहिले, आणि खाली घेतली.

बूड

आम्ही परतलो तेव्हा बरका खाली ओसरीत मसूर निवडत होती. मुझना भिंतीशी टेकून बसली होती. रडून तिचे नाक लाल झाले होते. बरकाने मला सालमीनच्या हातातून घेतले आणि ओघळलेला मध बोटाने निपटायला लागली. कोणत्याही भांडणात बरणीचा काठ पुसायचे ती विसरत नसे.

"काय म्हणाली मग ती शहाणी?"

सालमीन तिच्याकडे न बघता म्हणाला, "खोट निघाली."

मुझनाने मान वर केली. तिला त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हते. मलाही नव्हते, आणि मी त्याच्यासोबत जाऊन आले होते.

"तुझ्या मधात?" बरकाने विचारले.

"आत्ताच्या नाही. त्या सालच्या." त्याने घसा साफ केला. "पोर गेलं त्या साली मी... लोभात पडलो. माश्यांना साखरपाणी पाजलं. त्यानं बाधलं पोराला. मी केलं ते."

मित्रांनो, दोआनच्या खोऱ्यात एखाद्या माणसाने मी चोरी केली म्हटले तर लोक विचारतील, कुणाची? पण मधवाल्याने मी साखर पाजली म्हटले तर पुढे कोणी काही विचारत नाही. त्याच्या दारात गिऱ्हाईक उभे राहत नाही, त्याच्या पोराला कोणी मुलगी देत नाही. पंचेचाळीस हंगामांचे नाव त्याने मसुराच्या सुपासमोर ओसरीत ओतून टाकले.

बरका त्याच्याकडे पाहत राहिली.

"तू? साखर?"

"हो."

"त्या साली?"

"सांगतोय ना, हो."

"अबू करामा," ती नवऱ्याला सावकाश म्हणाली, "त्या साली पुरानं रस्ता वाहून गेला होता. खोऱ्यात साखरेचा कण नव्हता. सहा महिने आपण खजुराच्या तुकड्याबरोबर चहा प्यायलो. तू रोज कुरकुरायचास."

सालमीनने मान खाली घातली.

"इतकी वर्षं झाली लग्नाला, तुला अजून धड खोटं बोलता येत नाही." ती हसायला लागली होती. मग हसता हसता थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिले, तो मान खाली घालून होता. सुनेकडे पाहिले, सुनेने मान वळवली. दोघेही एकाच गोष्टीकडे बघायचे टाळत होते. मग ती गोष्ट बरकाने स्वतः पाहिली. मधाने माखलेली, नख नीट कापलेली.

मी पडले. तिने मला टाकले नाही. धरायचे विसरली.

बूड फुटले, पोट फुटले, एक कान उडून चपलांपाशी गेला. मध मातीच्या जमिनीवर पसरायला लागला. त्याला घाई नव्हती.

"सहा," बरका म्हणाली. "माझ्या सहा पोरांना चाटवला. याच बोटानं. सहाही जगली." तिने बोट शरीरापासून लांब धरले होते, ते दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे. "आणि त्याला शौच होईना तेव्हा मी अजून..."

"अम्मा," मुझना म्हणाली.

"मी अजून दिला."

"अम्मा, कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरपण नक्की सांगत नाही."

"तू माझ्यासाठी मधाला नाव ठेवलंस? आणि हा येडा स्वतःला?"

 मुझना भिंतीला धरून उठली, भरल्या पोटाने जड पावले टाकत तुकड्यांमधून आली आणि सासूसमोर खाली बसली. तिने बरकाचा हात धरला. बरका ओढायला लागली, तिने सोडला नाही. ते बोट तिने तोंडात घेतले आणि त्याच्यावरचा मध खाल्ला. सगळा.

"मला चालतो, अम्मा," ती म्हणाली.

मग त्या दोघी रडल्या. सालमीन बाहेर जाऊन माश्यांच्या ताटलीतले खडे नीट लावत बसला. ते आधीच नीट होते.

चुना

मला फेकून देतील असे वाटले होते. पण बरकाने तुकडे वेचले, धुतले, आणि सालमीनने चुना व अंड्याचा पांढरा बलक कालवून मला जोडले. आता मी मध धरू शकत नाही, सांध्यांतून झिरपेल. माझ्यात आता बोरीच्या पाल्याची पूड असते. घरातल्या बायका तिने केस धुतात. काम हलके आहे. वास बरा आहे.

थंडीत मुझनाला मुलगी झाली, सुआद. शेजारणी जमल्या. त्यांतली एक म्हणाली, "बरका, रीत नाही केलीस? बरणी कुठाय?"

"फुटली."

"अगं मग डब्यातला मध लाव. सालमीनच्या घरात मधाला तोटा?"

"वर्षानं लावीन."

"वर्षानं? ही कुठली नवी रीत?"

"आमच्या घरची," बरका म्हणाली. "आजपासनं. आणि तू आत जाण्याआधी हात दाखव. दाखव म्हणते ना! मघाशी कुस्करा खाल्लास तो. जा, साबणानं धुऊन ये."

ती पाळण्याजवळ स्टूल टाकून बसली. गुडघे दुखत होते तरी बसली. खरा पहारा आता सुरू झाला होता, आणि या खेपेला तो योग्य तोंडावर होता. मुझनाच्या हातात मात्र तिने तूप-मधाचा वाडगा दिला होता, आणि तो रिकामा झाल्याशिवाय परत घेतला नाही. तिच्या तोंडून हे ऐकून खोऱ्यातल्या आणखी काही घरांनी पाळण्यापासून मध दूर केला. काहींनी नाही केला.

सुआद वर्षाची झाली तेव्हा करामा आला होता. सालमीनने नव्या पोळ्याचा तुकडा आणला. बरकाने हात पुढे केला, मागे घेतला, आणि चमचा मागितला. मुझना म्हणाली, "चमचा कशाला? बोट आहे की." सुआदने ते बोट चोखले आणि मग चावले. दात आले होते.

मित्रांनो, मी आता मधाची बरणी राहिलेली नाही, तरी एक मागणे आहे. तुमच्या घरी कोणी आई होणार असेल तर ऐकीव गोष्टीवरून तिच्या पुढची वाटी ओढून घेऊ नका. आधी जाणत्याला विचारा. आणि बाळ जन्मले की वर्षभर त्याच्या तोंडाला मध लागू देऊ नका, कितीही शुद्ध असो, कोणाच्याही हातचा असो. कोणी मायेने बोट पुढे केलेच, तर ते झिडकारू नका. धरा, आणि सांगा. भांडी जोडता येतात, पण थोडा वेळ लागतो.

मला जोडताना एक कपची उरली. ती कुठेच बसली नाही. इथे ठेवते.

पहिले मूल गेले, त्या सालचा सालमीनचा मध अख्ख्या खोऱ्यात सर्वांत चांगला होता.